गाडी थांबली, तरी इंजिन तापतच असते

प्रवास संपतो, गाडी दारात लागते, आपण किल्ली फिरवतो आणि आपल्या लेखी इंजिनाचे काम संपते. प्रत्यक्षात त्याच क्षणी इंजिनाला थंड ठेवणारी यंत्रणा झोपी जाते आणि उष्णता मात्र आतच राहते. पुढच्या अर्ध्या तासात ती उष्णता कुठे जाते, हे चालकाला ठाऊक असेल तर गाडीचे आयुष्य वाढते आणि हात-तोंड भाजण्याचे अपघात टळतात.

बडोद्याजवळच्या बाजव्याच्या वाचकांसाठी हा विषय अगदी रोजचा आहे. जीएसएफसी ही खताची कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली, कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली आणि या पट्ट्यात महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे स्थिरावली. गणपतीला, दिवाळीला, मेच्या सुट्टीत या घरांतल्या गाड्या गावाकडे निघतात. कोणी सोनगड-नवापूरवरून कोंडाईबारी घाट ओलांडून खानदेशात उतरतो, कोणी वघईहून सापुताऱ्याचा घाट चढून नाशिकला जातो, कोणी मुंबईवरून खंडाळ्याचा घाट चढून पुणे गाठतो. एरवी अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहेच. म्हणजे सपाट रस्त्यावरचा सलग वेग, घाटाचा चढ आणि मेमधला बडोद्याचा उन्हाळा, अशा तिन्ही गोष्टी या गाड्यांच्या वाट्याला येतात. इंजिन थंड होण्याची परीक्षा पाहणाऱ्या नेमक्या याच तीन गोष्टी.

किल्ली फिरवल्यावर आत काय होते

इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायला लागतो. एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला बराचसा भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तरीही धातू वितळत नाही, कारण भोवतालच्या पोकळ्यांतून कूलंट अखंड फिरत असते. साधारण ९० ते १०० अंशांचे हे कूलंट उष्णता उचलून रेडिएटरकडे नेते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. ऑइलही तेच काम करते. पिस्टन आणि बेअरिंगांची उष्णता तेच वाहून नेते.

इंजिन बंद केले की बहुतेक गाड्यांत कूलंटचा पंप थांबतो, कारण तो इंजिनावरच चालतो. ऑइलचा पंपही थांबतो आणि समोरचा वारा तर गाडी उभी राहिल्याबरोबर बंद झालेला असतो. धातू मात्र अजून तापलेलाच असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोचे घर, सिलिंडर हेडचा एक्झॉस्टकडचा भाग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे भाग कूलंटपेक्षा कितीतरी गरम असतात. नुसता कन्व्हर्टरच ४०० ते ८०० अंशांवर काम करतो. ही उष्णता शेजारच्या थंड धातूत आणि जागच्या जागी उभ्या राहिलेल्या कूलंटमध्ये झिरपू लागते. त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर पहिली काही मिनिटे कूलंटचे तापमान उतरण्याऐवजी चढते. बोनेटखालची हवाही धावत्या गाडीपेक्षा नुकत्याच थांबलेल्या गाडीत जास्त तापते. गाडी थांबवून दहा मिनिटांनी परत सुरू केली की काही गाड्यांत काटा आधीपेक्षा वर दिसतो, त्याचे कारण हेच. पंप सुरू झाला की मिनिटाभरात तो जागेवर येतो. तेवढ्याने घाबरू नये.

कोयलीत किंवा खताच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकांना हे नवे नाही. वाफेवर चालणारी मोठी टर्बाइन बंद केली की तिचा रोटर तसाच सोडून देत नाहीत. टर्निंग गिअर लावून तो तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात, वंगणाचा पंप चालू ठेवतात. तसे केले नाही तर रोटर वरच्या बाजूला गरम आणि खालच्या बाजूला थंड राहून वाकतो, बेअरिंग खराब होतात. कारखान्यात या कामाची लेखी पद्धत असते आणि ते पाहायला माणूस असतो. घरच्या गाडीत ती जबाबदारी चालकाची आहे, आणि ती किल्ली फिरवण्याच्या आधी पार पाडायची असते.

मे आणि जानेवारी

तापलेली वस्तू किती वेगाने निवते, हे तिच्या आणि भोवतालच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला हा नियम गाडीलाही लागू पडतो. इंजिन १०० अंशांवर आहे असे धरू. जानेवारीच्या रात्री बाहेर १२ अंश असतील, तर फरक ८८ अंशांचा. मेच्या दुपारी बाहेर ४२ अंश असतील, तर फरक ५८ अंशांचाच. या नियमाने हिशेब केला तर १०० वरून ६० अंशांवर यायला मेमध्ये जानेवारीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. त्यातून गाडी डांबरी किंवा काँक्रीटच्या तापलेल्या जमिनीवर भर उन्हात उभी असेल, तर आणखी जास्त.

म्हणून ‘अर्धा तास झाला, आता निवले असेल’ हा अंदाज उन्हाळ्यात धरू नये. लांबच्या प्रवासानंतर तासाभरानेही इंजिन हात भाजण्याइतके गरम असू शकते. पूर्ण निवायला रात्र जावी लागते. मोठे इंजिन, चारही बाजूंनी बंद बोनेट आणि खाली बसवलेले आवरण यांनी हा वेळ वाढतो. वारा आणि सावली यांनी कमी होतो.

शेवटचे चार-पाच किलोमीटर

इंजिन थंड करायचा सर्वांत सोपा, फुकटचा उपाय म्हणजे प्रवासाचा शेवटचा टप्पा सावकाश चालवणे. वेग मध्यम, गिअर योग्य, ॲक्सिलरेटरवर पाय हलका. इंजिनावर भार कमी असतो, पंप चालू असतात आणि समोरून वाराही मिळत असतो. चार-पाच किलोमीटर असे चालले की टर्बो, मॅनिफोल्ड आणि ऑइल यांचे तापमान आपोआप खाली येते. अहमदाबादहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्या बाजव्याच्या गाडीला हे सहज मिळते, कारण मार्ग संपल्यावर घरापर्यंत गर्दीचा, कमी वेगाचा रस्ता असतो. अशा गाडीला दारात आल्यावर वेगळे काही करावे लागत नाही.

खरा प्रश्न येतो तो वाटेतल्या थांब्यावर. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने येऊन गाडी थेट हॉटेलच्या आवारात वळवायची आणि त्याच दमात बंद करायची, किंवा सापुताऱ्याचा चढ संपताच पहिल्या चहाच्या टपरीवर किल्ली फिरवायची, ही सवय सोडायला हवी. पावागडला माचीपर्यंत गाडी नेणाऱ्यांनाही हेच सांगणे. चढ संपतो तिथेच इंजिन सर्वांत जास्त तापलेले असते. अशा वेळी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, अर्धा ते एक मिनिट इंजिन चालू ठेवा आणि मग बंद करा. भरलेली गाडी, एसी आणि लांबचा चढ असे सगळे एकत्र आले असेल तर दोन मिनिटे. त्याहून जास्त वेळ उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्यात फायदा नाही. समोरून वारा नसतो, इंधन मात्र जळते. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल वेगळी सूचना असेल तर ती प्रमाण माना.

टर्बो असलेल्या गाड्या

आजच्या डिझेल गाड्या आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या टर्बोवर चालतात. टर्बोचे चाक इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. एका बाजूला डिझेलचा ५०० ते ७०० अंशांचा किंवा पेट्रोलचा त्याहूनही गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून ओढलेली हवा, अशा दोन टोकांमध्ये हा दांडा असतो.

गरम टर्बो एकदम बंद केला की ऑइलचा पुरवठा तुटतो. बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच तापते, करपते आणि त्याचा कडक काळा थर बसतो. एकदा असे झाल्याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे रोज झाले तर ऑइलच्या बारीक वाटा चोंदतात आणि टर्बो निकामी होतो. नवा टर्बो हा गाडीच्या महागड्या भागांपैकी एक आहे. हल्लीच्या अनेक टर्बोंभोवती कूलंटही खेळवलेले असते आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर विजेवर चालणारा छोटा पंप ते फिरवत राहतो. त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, पण शेवटच्या मिनिटाची सवय तरीही राखावी. ठरल्या वेळी, ठरल्या दर्जाचे ऑइल बदलणे हा या काळजीचाच भाग आहे. जुने ऑइल लवकर करपते.

सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन ज्यांच्या गाडीत आहे, त्यांनी घाटमाथ्यावर किंवा महामार्गावरून उतरताना ती सोय बटण दाबून काही वेळ बंद ठेवली तर उत्तम.

कोणते आवाज साहजिक, कोणती खूण धोक्याची

थांबलेली गाडी बोलत असते. ‘टिक टिक’ असा आवाज सायलेन्सरच्या पत्र्यातून आणि पाइपांतून येतो. तापून ताणलेला धातू आकसताना तो होतो. त्यात काही वावगे नाही. इंजिन बंद असूनही रेडिएटरचा पंखा काही मिनिटे फिरत राहतो, हेही अनेक गाड्यांत ठरवूनच केलेले असते. एसी लावलेल्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडतात, तेही ठीक.

बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी गाडी अधूनमधून एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. अशा वेळी गाडी बंद केली तर पंखा जोरात चालू राहतो आणि खालून गरम धातूचा वास येतो. शक्य असेल तर तेव्हा दहा-पंधरा मिनिटे आणखी चालवून साफसफाई पूर्ण होऊ द्यावी.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र गॅरेज गाठा: गोडसर वास येणे, गाडीखाली हिरव्या, गुलाबी किंवा निळ्या रंगाची ओल दिसणे, बराच वेळ फुसफुस आवाज येणे, डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखे वाटणे, भाजी आणायला जाऊन आलेल्या गाडीचाही पंखा दर वेळी पाच-दहा मिनिटे फिरणे. सीएनजीच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी आणखी एक खूण: दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला ऊब कूलंटकडूनच मिळते. तो बर्फासारखा गार पडून त्यावर दव किंवा हिम जमत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर आधी कूलंटची पातळी तपासून घ्या.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका

या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असलेल्या या दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. झाकण सैल केले की दाब एका क्षणात उतरतो आणि ११० अंशांचे ते द्रव जागच्या जागी उकळून वाफेसकट चेहऱ्यावर आणि हातांवर उसळते. इंजिन बंद केल्यावर पहिल्या काही मिनिटांत तापमान वाढते, हे आपण वर पाहिले. म्हणजे घाईने झाकण उघडणारा माणूस नेमक्या वाईट क्षणी ते उघडतो.

निदान तासभर थांबा. रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड रबरी पाइप जाड फडक्यातून दाबून पाहा. तो कडक असेल तर आत दाब आहे. मऊ आणि कोमट लागला, तरच फडके टाकून झाकण पाव फेरा फिरवा, फुसफुस थांबू द्या आणि मग काढा. रोजच्या तपासणीसाठी झाकण काढावेच लागत नाही. बाजूच्या पारदर्शक टाकीवरच्या खुणा बाहेरून दिसतात.

बोनेट उघडल्यावर पंख्यापासून हात, ओढणी, पदर, मुलांची बोटे दूर ठेवा. इंजिन बंद असले तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

काटा लाल रेषेकडे चालला तर

नव्या गाड्यांतला काटा बऱ्याच मोठ्या तापमानफरकात मध्यावरच थांबेल असा बसवलेला असतो. गाडी धावताना तो हलू लागला म्हणजे प्रकरण पुढे गेलेले असते. काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. काटा चढताना दिसताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घेतो. उकडेल, पण काटा खाली येऊ शकतो.

काटा लाल रेषेला टेकला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. इथे मिनिटभर चालू ठेवण्याचा नियम लागू नाही; कूलंट निघून गेलेले असेल तर चालू इंजिन आणखी होरपळते. वाफ येत असेल तोवर बोनेट उघडू नका. वाफ थांबल्यावर उघडा आणि वारा लागू द्या.

तापलेल्या इंजिनावर बाटलीने पाणी ओतू नका आणि तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी भरू नका. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड एकदम आकसले की वाकते किंवा तडकते, गॅस्केट जाते आणि शंभर रुपयांच्या पाइपाचे दुखणे हजारोंच्या कामावर जाते. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उन्हाळ्यात इंधनाच्या पंपात वाफ धरायची आणि चालक पंपावर ओले फडके गुंडाळायचे. ती युक्ती त्या गाड्यांपुरती होती. आजच्या इंजिनावर विजेच्या जोडण्या आणि सेन्सर असतात. त्यावर ओले फडके नको.

गाडी कुठे आणि कशी लावावी

गरम गाडी वाळक्या गवतावर, पालापाचोळ्यावर किंवा कडब्याजवळ लावू नका. कन्व्हर्टर आणि एक्झॉस्टचा पाइप जमिनीपासून थोड्याच अंतरावर असतो आणि वाळके गवत पेट घेऊ शकते. शेताच्या बांधावर किंवा लग्नाच्या मांडवाबाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावताना हे विशेष पाहावे.

आल्याआल्या गाडीला कव्हर घालू नका. सायलेन्सरच्या टोकाला लागून ते वितळते आणि आत उष्णता कोंडते. धुण्याचेही तेच: लांबून आलेल्या गाडीच्या इंजिनावर किंवा ब्रेकच्या चकत्यांवर गार पाण्याचा फवारा मारू नये. तास-दीड तास थांबावे. ऑइल मात्र तासभर थांबून पाहण्याची गरज नाही. सपाट जागी गाडी उभी करून पाच-दहा मिनिटांनी, ऑइल खाली उतरल्यावर पट्टी काढावी, पण हाताला फडके असू द्यावे.

थंडीत या उबेला मांजरे आणि उंदीर येतात. जानेवारीच्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर दोन थापा मारा, म्हणजे आत बसलेले जनावर बाहेर पडेल. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, हेही अधूनमधून पाहा.

उन्हाळ्यापूर्वीची तयारी

मार्च संपण्यापूर्वी कूलंटची पातळी, रबरी पाइप, पट्टा, झाकणाची रबरी कडी आणि पंखा तपासून घ्या. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ कमी दाबाच्या पाण्याने काढून घ्या. कूलंट गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच घाला. रंग सारखा दिसला म्हणून दोन प्रकार मिसळू नका. पाणी मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर साचतो आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वाटेत अडचण आली आणि साधे पाणीच घालावे लागले, तर परतल्यावर सगळे काढून नवे कूलंट भरून घ्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पुढच्या वेळी घाट चढून थांबाल तेव्हा किल्लीला हात लावण्यापूर्वी मिनिटभर इंजिन चालू ठेवा, आणि घरात जो कोणी गाडी चालवतो त्यालाही एवढे नक्की शिकवा: गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही घाईत उघडायचे नाही.